वजन-कलंक आणि वृद्धांचे बौद्धिक आरोग्य

देहाच्या आकारावरून होणारी हेटाळणी म्हणजे वजन-कलंक. गुडघेदुखी सांगणाऱ्या आजींना ‘आधी वजन उतरवा’ एवढेच ऐकावे लागले, की त्या दवाखाना टाळतात. मेंदूला घातक असलेला रक्तदाब, मधुमेह मग वाढत राहतो. पुणे जिल्ह्यातल्या मुळशीच्या डोंगराळ वाड्यांना तर दवाखाना मुळातच दूर.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ कारणांत स्थूलतेबरोबरच वृद्धांचे सामाजिक एकटेपणही धरले. टोमण्यांनी माणूस घरात कोंडतो, ही बाब म्हणूनच गंभीर आहे.

शिवाय आरोग्य ठरवायला आकार फसवा असतो. पुण्याचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे संशोधक जॉन युडकिन यांचा बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक) २२.३ असा सारखाच होता. शरीरातील चरबी मात्र अनुक्रमे २१.२ व ९.१ टक्के, असे त्यांनी २००४ मध्ये मांडले.