सुरजागडचं लोखंड, घुग्घुसची भट्टी आणि वहीत न लिहिलेली माणसं

 

घुग्घुसच्या माणसाला लाल धूळ आणि काळी धूळ यातला फरक शिकवावा लागत नाही. काळी कोळशाची, लाल लोखंडाची. सध्या या लाल धुळीच्या धंद्याला नवं नाव मिळालंय, 'हरित पोलाद'. एटापल्ली तालुक्यातल्या हेडरीपासून कोनसरीपर्यंत 85 किलोमीटरची पाइपलाइन, तिच्यातून पाण्यात कालवलेली लोहखनिजाची भुकटी. म्हणजे ट्रक कमी, डिझेल कमी, धूर कमी. वाईट नाही. आलापल्ली-आष्टी रस्त्यावर ज्यांनी ट्रकांच्या रांगा पाहिल्यात ते तर त्या पाइपलाइनला हातच जोडतील. पवनचक्की उभी करायची तरी एका मेगावॅटमागे शंभर टनांवर पोलाद लागतं, तेव्हा स्वच्छ विजेलाही खाण हवीच. माझं भांडण तिथं नाही. या हिरव्या वहीत कार्बन येतो, पाणी येतं, झाडं येतात. त्या डोंगराभोवती बंदुकीनं मेलेली माणसं येत नाहीत.

थोडं मागं जाऊ. सुरजागड म्हणजे माडिया लोकांचा ठाकूरदेव. दर जानेवारीत तिथं यात्रा भरते. आणि हा मुलूख बाबुराव शेडमाके यांच्या 1858 च्या उठावाचा. त्यांना 21 ऑक्टोबर 1858 ला चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली, हे आपल्याकडं शाळकरी पोरालाही माहीत असतं. त्यानंतर जवळपास सव्वाशे वर्षांनी बंदूक परत आली. 1980 मध्ये प्राणहिता ओलांडून नक्षलवादी आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात पेद्दी शंकर पोलिसांच्या गोळीनं मेला. गडचिरोली जिल्हा तेव्हा झालाही नव्हता, तो 1982 चा. म्हणजे हे मरण आपल्याच चांदा जिल्ह्यातलं. खाणीच्या पट्ट्याच्या 27 वर्षं आधीचं. म्हणून सगळं रक्त लोखंडाच्या नावावर टाकणंही खोटं ठरेल, हे आधीच सांगून ठेवतो.

2007 मध्ये लॉइड्स मेटल्सला सुरजागडवर 348 हेक्टरचा पट्टा मिळाला. या कंपनीचा स्पंज आयर्नचा कारखाना आपल्या घुग्घुसात. खनिज कोळशासोबत फिरत्या भट्टीत तापवायचं, कोळसा त्यातला ऑक्सिजन ओढून घेतो, उरतं लोखंड. ऑक्सिजन ओढायचं हेच काम हायड्रोजनकडून करून घेतलं तर कार्बनच्या जागी पाण्याची वाफ निघते. खरं हरित पोलाद ते. स्वीडनमध्ये 2020 पासून त्याचे प्रयोग चाललेत. आपल्या जिल्ह्याचं सांगायचं तर 2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या यादीत चंद्रपूर देशात चौथं होतं. असो.

पट्टा मिळाला, पण डोंगर हलेना. जून 2013 मध्ये नक्षलवाद्यांनी तिघांना मारलं: कंपनीचे उपाध्यक्ष, एक कंत्राटदार आणि तिथल्याच गावचा एक पोलीस पाटील. पहिल्याची बातमी मुंबईपर्यंत गेली. पोलीस पाटील बातमीच्या शेवटच्या ओळीत राहिला. डिसेंबर 2016 मध्ये डोंगरावर पाऊणशेवर गाड्या जाळल्या, काम पुन्हा थांबलं. 2021 मध्ये खाण जोमानं सुरू झाली. 2023 मध्ये वर्षाला तीस लाख टनांची परवानगी एक कोटी टनांवर गेली.

मधल्या वर्षांत काय झालं, तेही बघा. एप्रिल 2018, भामरागडकडं कसनासूर-बोरिया. चकमकीत 40 मेले. त्यात गट्टेपल्लीची काही तरणी पोरं होती. पोलीस म्हणाले, ती नक्षलवाद्यांत नव्यानं भरती झालेली. गावकरी म्हणाले, ती लग्नाला निघाली होती. जानेवारी 2019 मध्ये नक्षलवाद्यांनी कसनासूरच्या तीन गावकऱ्यांना त्याच चकमकीचे खबरे ठरवून मारलं आणि प्रेतं रस्त्यावर टाकली. त्याच वर्षी 1 मे ला, महाराष्ट्र दिनी, जांभुळखेड्याला सुरुंगस्फोटात 15 पोलीस आणि त्यांचा ड्रायव्हर गेला.

पोलिसांचं हुतात्मा स्मारक आहे, तिथं दरवर्षी मानवंदना होते, आणि व्हायलाच पाहिजे. नक्षलवादी आपल्या लोकांची लाल स्मारकं बांधत, पोलीस ती पाडत. खबऱ्या म्हणून मारलेल्या माडिया बापाचं नाव मात्र दोन्हीकडच्या फलकावर नाही. त्याच्या घरचे तेवढे त्याच्यासाठी गावाबाहेर दगड उभा करतात. त्यांची रीतच आहे ती.

कुणी म्हणेल, खाणीच्या हिशेबात असं दुःख कुठं लिहितात का? दक्षिण आफ्रिकेत लिहिलं. मारिकाना इथं प्लॅटिनमची खाण. प्लॅटिनम गाडीचा धूर स्वच्छ करायला लागतं, हायड्रोजनवर चालणाऱ्या गाड्यांनाही लागतं. 16 ऑगस्ट 2012 ला संपावरच्या 34 खाणकामगारांना पोलिसांनी गोळ्या घातल्या. त्याआधीच्या आठवड्यात दहा मेले होते, त्यात दोन पोलीस आणि कंपनीचे दोन पहारेकरीही होते. फार्लम आयोगानं चौकशी केली ती 34 ची नव्हे, सगळ्या 44 जणांची. एकाच अहवालात कामगारही, पोलीसही. त्यानं न्याय मिळाला असं तिथल्या विधवा म्हणत नाहीत. पण कोण, कुठं, कुणाच्या गोळीनं, हे कागदावर आलं.

आपल्याकडं खाणवाढीची जनसुनावणी झाली ती डोंगरापाशी नाही, दूर जिल्हा मुख्यालयात. 2023 मध्ये तोडगट्ट्याला गावं आठ महिने ठिय्या देऊन बसली, नवीन खाणी नकोत म्हणून. नोव्हेंबरात पोलिसांनी ते उठवलं. ग्रामसभेला विचारा, हे पेसा कायदा 1996 पासून सांगतो. ज्या गावातली माणसं मारली गेली, त्या गावाच्या सभेनं मेलेल्यांची नावं इतिवृत्तात घालायची म्हटली तर कुठला कायदा आड येतो, ते वकील मित्रांनी खाली सांगावं.

15 ऑक्टोबर 2025 ला गडचिरोलीत भूपती साठ साथीदारांसह शरण आला. बंदुका खाली ठेवल्या. शरण आलेल्या काहींना आता कोनसरीत काम मिळालंय, हेही बरंच झालं. म्हणजे बाप खबऱ्या म्हणून मारला गेलेला पोरगा आणि त्या काळी दलममध्ये असलेला माणूस, दोघं एकाच पाळीच्या बसमध्ये शेजारी बसू शकतात. बस सुटते सकाळी. दोघांच्या हेल्मेटचा रंग एकच असतो.