प्रिंटर शाबूत, ड्रायव्हर कालबाह्य

१/ जुना प्रिंटर नव्या संगणकाला जोडला की अनेकदा तो ओळखलाच जात नाही. यंत्र शाबूत, शाई भरलेली, कागद ठेवलेला. घोडे अडते ते ड्रायव्हरपाशी. संगणकाची आज्ञा प्रिंटरच्या भाषेत सांगणाऱ्या या दुभाष्याचा इतिहास मालकीच्या प्रश्नाशी निगडित आहे. #थ्रेड

२/ १९८० च्या दशकात, डॉसच्या काळी, वर्डपरफेक्टसारखा प्रत्येक प्रोग्रॅम स्वतःचे ड्रायव्हर बाळगत असे. नवा प्रिंटर आला की प्रत्येक प्रोग्रॅमची वेगळी सोय पाहावी लागे. विंडोजने हे काम स्वतःकडे घेतले आणि एकच ड्रायव्हर सर्वांना पुरू लागला.

३/ सोय झाली, तसे परावलंबनही आले. ३२-बिट विंडोजचा ड्रायव्हर ६४-बिट विंडोजवर चालत नाही. तो नव्याने तयार करावा लागतो. विक्री थांबलेल्या मॉडेलसाठी एवढा खटाटोप करण्यात निर्मात्याला फारसा लाभ नसतो.

४/ या परावलंबनाची जाणीव मात्र त्याआधीची. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये सुधारणा केली होती: कागद अडकला की छपाईची वाट पाहणाऱ्यांना संदेश जाई. पुढे झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला. त्याचा सोर्स कोड मिळेना. तो ज्याच्याकडे होता, त्या कार्नेगी मेलनमधील संशोधकाने गोपनीयतेच्या करारामुळे नकार दिला.

५/ मुक्त सॉफ्टवेअरच्या आपल्या भूमिकेमागे हा अनुभव होता, असे स्टॉलमन सांगत आले आहेत. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली. १९८९ मध्ये जीपीएल परवाना आला.

६/ या परंपरेची फळे छपाईलाही मिळाली. मायकेल स्वीट यांची 'कप्स' ही मुद्रणप्रणाली १९९९ मध्ये आली. २००२ मध्ये ॲपलने ती मॅकसाठी स्वीकारली. गुटेनप्रिंटसारख्या खुल्या प्रकल्पांमुळे निर्मात्यांनी वाऱ्यावर सोडलेली कित्येक मॉडेल्स लिनक्सवर आजही छापतात.

७/ नवे प्रिंटर आता आयपीपी ही सामायिक भाषा बोलतात, त्यांना स्वतंत्र ड्रायव्हर लागत नाही. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही निर्मात्यांच्या ड्रायव्हरना टप्प्याटप्प्याने निरोप देण्याचे जाहीर केले. ही भाषा न येणाऱ्या जुन्या प्रिंटरपुढे मग दोनच वाटा उरतात: कोणीतरी त्याचा दुभाषा जिवंत ठेवणे, किंवा धडधाकट असूनही भंगारात जाणे. पहिली वाट खुली राहायची, तर त्या दुभाष्याचा सोर्स कोडही खुला असावा लागतो.