हळदीचा खटला आणि आजीची साक्ष

कॉफीच्या दुकानातल्या फळ्यावर ‘टर्मरिक लाटे’ वाचून तुम्हाला कधीतरी हसू आलं असेल. आपलं हळदीचं दूधच ते! पण हीच हळद एकदा अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात अडकली होती. ती गोष्ट घरातल्या मुलांनाही सांगण्यासारखी आहे.

मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला एक पेटंट मिळालं. विषय होता, जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर. संशोधक दोघेही भारतीय वंशाचे. बोट कापलं की हळद दाबायची, हे आपल्याकडे पोराटोरांनाही माहीत. मग यात नवं ते काय?

मेख कायद्यात होती. परदेशात लोक पिढ्यान् पिढ्या एखादी गोष्ट करतात, एवढं त्या काळच्या अमेरिकी कायद्याला पुरत नसे. ती कुठेतरी छापलेली दाखवावी लागे. थोडक्यात, आजीची साक्ष चालत नव्हती.

भारताच्या सीएसआयआरने, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, या पेटंटला आव्हान दिलं. तेव्हा तिचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. परिषदेने ३२ लेखी संदर्भ जमवले. संस्कृत, हिंदी, उर्दूतले काही तर शंभर वर्षांहून जुने होते. १९५३ साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आलेला एक लेखही त्यात होता. १९९७ साली पेटंट रद्द झालं.

दर वेळी अशी धावपळ नको, म्हणून २००१ पासून भारताने पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभारायला घेतलं. आयुर्वेद, युनानी, सिद्ध ग्रंथांतले नुस्खे इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानीत मांडले, म्हणजे परदेशातल्या पेटंट तपासनिसांना ते वाचता यावेत.

हळदीचं दूध जगाने खुशाल प्यावं, विकावंही. प्रश्न मालकी सांगण्याचा आहे, आणि तिथे कागदच कामी येतो. जुन्या ग्रंथांत होतं ते वाचलं. पण तुमच्या आजीचे काढे, लेप, मसाले कुठल्या ग्रंथात आहेत?

घरची वही म्हणजे छापील पुरावा नव्हे, हे खरं. पण वहीच नसेल तर उद्या छापणार काय? तेव्हा पुढच्या व्हिडिओ कॉलला पेन घेऊन बसा. साहित्य, प्रमाण, कृती लिहून घ्या; आणि हे तिला कोणी शिकवलं, तेही विचारा.