पदराची गाठ आणि कान्हेरीचे लेख

बाजारातून काही आणायचे राहू नये म्हणून आपल्या आज्या पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवीत. गाठीत काही लिहिलेले नसे. पण ती हाताला लागली की हिंग आठवे, आणि सुटली की हिंगही राहून जाई. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ एन्डेल टल्व्हिंग यांनी १९६६ साली एका सहकाऱ्यासह हेच प्रयोगाने दाखविले. विद्यार्थ्यांकडून त्यांनी शब्दांची यादी पाठ करून घेतली. ज्यांना आठवताना शब्दांच्या वर्गाचे नाव सांगितले, त्यांना कितीतरी अधिक शब्द आठवले. म्हणजे शब्द मनातून पुसले गेले नव्हते. त्यांच्यापर्यंत नेणारी खूण तेवढी हवी होती.

एका माणसाचे जे होते, तेच साऱ्या समाजाचेही होत असेल काय? उत्तर शोधायला फार लांब जाण्याचे कारण नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात डोंगराच्या अंगावर कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. इ. स. पूर्व पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे येथे बौद्ध भिक्षूंचा राबता होता. कल्याण, सोपारे, नाशिक, चौल येथून दाते येत आणि आपण दिलेल्या दानाची नोंद दगडात कोरून ठेवीत. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचे टाके दिले. गजसेन आणि गजमित्र या व्यापारी भावांनी सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळात मोठे चैत्यगृह उभारण्यास हात घातला. आपले नाव मागे राहावे म्हणून याहून अधिक ते काय करणार?

तरीही ती नावे विसरली गेली. अक्षरे झिजली म्हणून नव्हे. भिक्षू गेले, विहार ओस पडले, लेख वाचून दाखविणारा कोणी उरला नाही. इकडे ब्राह्मी लिपी पिढ्यान्‌पिढ्या वळणे बदलीत गेली. तिच्यातूनच आपली देवनागरी आली, पण नातीला पणजीचा चेहरा ओळखू येईना. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने अशोकाचा स्तंभ दिल्लीस आणविला, तेव्हा त्यावरील मजकूर पंडितांनाही लागला नाही. आपल्याकडे लोक कोणत्याही लेण्याकडे बोट दाखवून म्हणू लागले, की हे पांडवांनी एका रात्रीत खोदले! खरी आठवण हाताशी नसली की मन तिची जागा रिकामी ठेवीत नाही. तेथे गोष्ट येऊन बसते.

हरवलेली खूण पुढे सापडली ती अगदी लहानशी होती. कलकत्त्याच्या टांकसाळीतील जेम्स प्रिन्सेप सांचीच्या कठड्यांवरील छोटे छोटे लेख न्याहाळीत होता. पुष्कळ लेखांच्या शेवटी तीच अक्षरे पुन्हा पुन्हा येत. देवस्थानी लोक दान देतात, तेव्हा हा शब्द ‘दानं’ असावा, असा त्याने तर्क केला. १८३७ साली त्या एका शब्दाच्या आधाराने ब्राह्मीची वर्णमाला उलगडली. पश्चिम भारतातील लेण्यांच्या लेखांचे काम पुढे मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नेटाने चालविले. कल्याणचा सोनार शेकडो वर्षांनी पुन्हा बोलू लागला. त्याच लेखांत डोंगराचे नाव ‘कण्हगिरि’, म्हणजे कृष्णगिरी, असे आढळते. त्याचेच आज कान्हेरी झाले आहे. नाव तेवढे लोकांच्या जिभेवर टिकले होते. अर्थ मात्र दगडात अडकून पडला होता.

आज आपल्या उपनगरांत अशा खुणा झपाट्याने नाहीशा होत आहेत. साष्टी हे नाव सहासष्ट गावांवरून आले असे सांगतात. त्यांतली किती गावे आपल्या मुलांना सांगता येतील? अंधेरीची विहीर बुजते, घाटकोपरची चाळ पडून तेथे मनोरा उठतो, मुलुंडच्या बंगल्यापुढचे झाड जाते. आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या आधाराने आठवणारी माणसेही मनातून जातात. सारेच जुने राखता येणार नाही, हे खरे. परंतु दिवाळीत घर आवरताना जुनी छायाचित्रे निघतात आणि आजीही त्या वेळी जवळ बसलेली असते. तिला विचारून प्रत्येकाच्या पाठीमागे नाव, गाव आणि साल लिहून ठेवावे. आपले नाव आणि गाव त्या सोनाराने दगडात कोरविले होते. आपले काम तर पेन्सिलीनेही भागेल.