ढोलाचा भाता

सिद्धगड म्हटले की आपणां सर्वांना २ जानेवारी १९४३ ची पहाट आठवते. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील त्या पहाटे याच रानात पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. मुरबाड-शहापुराकडच्या शाळांतून ही हकीकत दरवर्षी सांगितली जाते, आणि ती सांगितली जावी. आज मात्र मी त्याच मुलखातल्या निराळ्या गोष्टीचा इतिहास सांगणार आहे. ती गोष्ट म्हणजे ढोलाचा आवाज.

गडाला माची आहे आणि पाठीशी सह्याद्रीची उभी भिंत. पायथ्याला लग्नाचा ढोल वाजला की त्याची थाप वर येते, भिंतीवर आपटते, तिचा पडसाद दरीत फिरतो, विरतो, आणि मग दुसरी थाप पडते. दोन थापांच्या मधली ती जागा मोकळी असते. अलीकडे लग्नसराईत तिथे उभे राहून ऐका. थाप पडते तीच मुळी सगळा आवाज दाबून टाकीत. मग मागचे सूर, झांजांची किणकिण, पडसाद, सगळे एकदम फुगून वर येते. आणि ते पुरते वर येते न येते तोच पुन्हा थाप. धम्‌... सूंऽ, धम्‌... सूंऽ. लोहाराचा भाता चालावा तसे. या प्रकाराला इंग्रजीत पंपिंग म्हणतात. आपण भाताच म्हणू या.

हा भाता ज्या यंत्रातून निघतो त्याचे नाव कॉम्प्रेसर. आपल्याकडे कॉम्प्रेसर म्हटला की पंक्चरवाल्याकडची हवेची टाकी डोळ्यांपुढे येते, नाहीतर विहिरीच्या खडकात सुरुंगाची भोके पाडणारे ते धडधडते धूड. त्यांचा आणि याचा नावापुरताच संबंध. इथे हवा दाबायची नसते, तर आवाजातले लहानमोठेपण दाबायचे असते. आणि गंमत अशी की हे यंत्र नाचगाण्यासाठी जन्मलेच नाही. ते वाढले नभोवाणीच्या घरात, आणि तेही तुमच्या-आमच्यासारख्या लांबच्या श्रोत्यांच्या सोयीसाठी.

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने सुरू केले. त्याची शक्ती दीड किलोवॅट आणि चांगले ऐकू येण्याचा पल्ला सुमारे ३० मैल. म्हणजे सिद्धगड त्या वर्तुळाच्या बाहेरच राहिला. पल्ल्याच्या कडेला बसलेल्या माणसाला खरखरीतून आवाज वेचून घ्यावा लागे. वक्ता हळू बोलला की शब्द खरखरीत बुडत, आणि मोठ्याने बोलला की उलटा धोका. ठरावीक मर्यादेपलीकडचा आवाज आत गेला तर प्रक्षेपक तो फाडून टाकतो, आणि शेजारच्या केंद्राच्या हद्दीतही घुसतो. कीर्तनकाराचीच कल्पना करा ना! आख्यान रंगात आले की बुवा एकदा कानगोष्ट केल्यागत बोलणार आणि एकदा गर्जना करणार. म्हणून जगभर नभोवाणी केंद्रांवर यंत्रापुढे एक माणूस हात बटणावर ठेवून बसलेला असे. बुवा ओरडले की आवाज कमी करायचा, कुजबुजले की वाढवायचा. पण हात कितीही चपळ असला तरी गर्जना ऐकू आल्यावरच तो हलणार. तेव्हा या माणसाचे काम विजेच्या मंडलाकडून करून घ्यावे असे अभियंत्यांना वाटू लागले. वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीचे ११०-ए हे १९३७ च्या सुमाराचे यंत्र अशा आरंभीच्या यंत्रांपैकी एक. मोठा आवाज असा आवरून धरला म्हणजे एकंदर आवाज वर नेता येतो आणि लांबच्या खेड्यातल्या संचावरही शब्द स्पष्ट लागतो.

यंत्राला चार गोष्टी सांगाव्या लागतात. पहिली, उंबरठा: आवाज कुठपर्यंत गेला की तू जागा व्हायचेस. दुसरी, प्रमाण. चारास एक असे प्रमाण ठेवले, तर उंबरठ्यावर ४ डेसिबलने चढलेला आवाज एकच डेसिबल चढल्यासारखा बाहेर येतो. डेसिबल हे आवाजाच्या जोराचे माप. तिसरी, पकड: उंबरठा ओलांडल्यावर किती वेळात आवाज आवळायचा. आणि चौथी, सोड: जोर ओसरल्यावर किती वेळात पकड सैल करायची. पकड आणि सोड यांचा हिशेब सेकंदाच्या हजाराव्या भागांत, म्हणजे मिलिसेकंदांत चालतो.

आमच्या भात्याचे सारे रहस्य या शेवटच्या दोहोंत आहे. मिनिटाला १२० थापांचा ठेका घ्या. दोन थापांत ५०० मिलिसेकंदांचे अंतर पडते. पकड ३० मिलिसेकंद ठेवली, तर काठीचा पहिला टणत्कार निसटून जातो आणि मागचा घुमारा तेवढा आवळला जातो; थाप धारदार वाटते. सोड २०० ते ३०० मिलिसेकंदांची ठेवली, तर पुढची थाप येण्यापूर्वी आवाज पुन्हा मूळ पातळीवर येतो, आणि तो येताना ऐकू येतो. तीच ती ‘सूंऽ’. सोड फार झटपट ठेवाल तर घुमारा फाटून खरखर होते. फार सावकाश ठेवाल तर आवाज वर येईपर्यंत दुसरी थाप पडलेली असते, आणि सगळे गाणे घोंगडीखाली घातल्यासारखे दबून राहते. ठेक्याशी सोडीचे लग्न लागले पाहिजे. त्यात कान लागतो.

नभोवाणीच्या लोकांना हा भाता म्हणजे दोष वाटे, आणि तो होताच. बातम्या सांगणारा श्वास घेण्यापुरता थांबला की खोलीतला पंख्याचा आवाज हळूच वर चढावा, हे कोणाला आवडेल? तो लपविण्यासाठी नाना युक्त्या निघाल्या. कॅलिफोर्नियातील जिम लॉरेन्स या अभियंत्याने १९६० च्या दशकाच्या आरंभी केलेल्या एलए-२ए या यंत्रात तर चक्क एक लहानसा दिवा होता. आवाज वाढला की दिवा उजळे, समोरची प्रकाश ओळखणारी घटिका त्याप्रमाणे आवाज आवरी, आणि प्रकाश गेल्यावरही तिला पूर्ववत व्हायला थोडा वेळ लागे. हा रेंगाळणाराच गुण कानाला गोड लागला, कारण त्यात हिसका नव्हता.

दोषाचे अलंकार कसे होतात ते आता पाहा. रेन नार्मा या मूळच्या एस्टोनियातील अभियंत्याने फेअरचाइल्ड कंपनीसाठी १९५९ च्या सुमारास ६७० नावाचे यंत्र रचले. त्यात २० व्हॉल्व्ह होते आणि वजन सुमारे ६५ पौंड, म्हणजे भाताचे लहानसे पोतेच. त्याचाच धाकटा भाऊ ६६० लंडनच्या ईएमआय स्टुडिओत होता. ६ एप्रिल १९६६ रोजी तिथे बीटल्स या चौघांच्या ‘टुमॉरो नेव्हर नोज’ या गाण्याचे ध्वनिमुद्रण सुरू झाले. जेफ एमरिक हा अवघ्या वीस वर्षांचा ध्वनिमुद्रक यंत्रावर बसला होता. त्याने मोठ्या ढोलात लोकरीचा स्वेटर कोंबला, मायक्रोफोन स्टुडिओच्या नियमाबाहेर जाऊन अगदी जवळ आणला, आणि रिंगो स्टारचा ढोल त्या फेअरचाइल्डमधून पुरता आवळून घेतला. ढोल असा काही वाजला की जणू प्रत्येक थापेला खोली आत ओढली जाते. स्वेटर कोंबण्याची गोष्ट ऐकून आपल्या पखवाजवाल्यांना हसू येईल. डाव्या तोंडाला कणकेचा गोळा लावून आवाज भारी करण्याची विद्या त्यांच्याकडे फार जुनी आहे.

पुढची मजल यंत्रढोलाची. जपानच्या रोलंड कंपनीचे टीआर-८०८ हे यंत्र १९८० चे आणि ९०९ हे १९८३ चे. त्यांच्या ठोक्यावर अमेरिकेतील शिकागो शहरात नाचगाण्याचा ‘हाऊस’ हा प्रकार वाढला: एका मापात चार सारख्या थापा, न थकणाऱ्या. तिथून ही हवा युरोपात पसरली. पॅरिसच्या डाफ्ट पंक या जोडीचा ‘होमवर्क’ हा संग्रह १९९७ चा. अलेसिसचा ३६३० हा स्वस्तातला कॉम्प्रेसर त्यांच्यामुळे नावाजला. २००४ साली स्वीडनच्या एरिक प्रिड्झचे ‘कॉल ऑन मी’ आले. त्यात तर भाता इतका उघड आहे की लपविण्याचा प्रश्नच नाही.

या मंडळींची करामत नीट समजून घेण्यासारखी आहे. साधा कॉम्प्रेसर ज्याचा आवाज ऐकतो त्यालाच आवरतो. पण यंत्राला बाजूने आणखी एक तार देता येते, म्हणजे ते ऐकते एकाचे आणि दाबते दुसऱ्याला. नभोवाणीवर आपण हे नेहमी ऐकतो: निवेदिका बोलू लागली की गाणे अदबीने खाली जाते, तिचे बोलणे संपले की वर येते. ते हाताने करा की यंत्राने, रीत एकच, बोलणाऱ्यापुढे वाद्याने वाकायचे. नाचगाण्याच्या स्टुडिओत ती बाजूची तार ढोलाला जोडली गेली. प्रत्येक थापेला सूर, बोल, गाणारीचा गळा, सगळ्यांनी वाकायचे आणि थाप गेली की मान वर काढायची. शब्दाची सोय म्हणून वाढलेले यंत्र असे ढोलाच्या चाकरीला लागले.

आपल्या वाद्यांत असा भाता नव्हता का, असे कोणी विचारील. तबल्याच्या डग्ग्यावर मनगट सरकवून घुमारा काढतात, पण तिथे सूर वाकतो, जोर नव्हे. गोंधळ्याच्या संबळात एक काठी सरळ आणि एक वाकडी. गोव्याच्या घुमटात मडक्याच्या उघड्या तोंडावर हात ठेवून आतली हवा कोंडतात आणि सोडतात. भात्याच्या सर्वांत जवळचे आपले वाद्य मला हेच वाटते. मात्र यांतले एकही वाद्य शेजारच्याचा गळा दाबू शकत नाही. वाजवणाऱ्याने ठरविले तर तो स्वतः हात आखडता घेतो.

शिक्षक बंधुभगिनींनी मुलांना सांगण्याजोगी एक गोष्ट इथेच सांगतो. आवळलेल्या आवाजात सर्वांत मोठा क्षण आणि सरासरी यांतले अंतर कमी होते. म्हणून दोन आवाजांची शिखरे सारखीच उंच असली तरी आवळलेला आवाज कानावर जास्त मारा करतो. मधली विश्रांतीच निघून जाते. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांहून अधिक सोसू नये असे एक प्रमाण आहे, आणि दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटे. आपले हळदीचे मांडव १५ मिनिटांत आटोपत नाहीत. कायद्याचे म्हणाल तर २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक बंद, वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानेही रात्रीच्या बंदीवर शिक्कामोर्तब केले. मांडवात हे आकडे कोणाला सांगता येतील, ते तुम्हीच ठरवा.

मला कानांइतकीच दुसऱ्या एका गोष्टीची चिंता वाटते. ठाणे-रायगडाकडच्या आगरी-कोळ्यांच्या लग्नांत धवलारीण असते. एकेक विधी ती धवळे गाऊन लावते. तिचा गळा हाच तिथला मंत्र. तिचा आवाज बारीक, चालीचा वेग सावकाश, आणि मधेमधे थांबून श्वास घेण्याची रीत. मांडवाच्या एका अंगाला ती आणि दुसऱ्या अंगाला माणसाच्या उंचीच्या पेट्या, अशी बैठक असली म्हणजे काय होणार ते सांगायला नको.

मुरबाड तालुक्यातल्या एका हळदीला मी गेलो होतो. यंत्रावर बसलेला मुलगा विशीतला, मोठा हुशार. भाता कसा करतोस म्हणून विचारले तर म्हणाला, “सर, लॅपटॉपवरच करतो. किकची लाइन बाजूने देतो.” कॉलेजात हे कोणी शिकविले नव्हते; मोबाइलवर पाहून शिकला होता. त्याच्या यंत्रावर एक कळ होती: मायक्रोफोनवर कोणी बोलले की गाणे आपोआप खाली जाते. ती कळ तो आहेर करणाऱ्यांची आणि पुढाऱ्यांची नावे पुकारताना वापरीत होता. मी म्हटले, “बाबा, आता तो माइक जरा आजींच्या पुढे धर.”

त्याने धरला. आजी गाऊ लागल्या तसे गाणे खाली गेले. पण धवळ्याची ओळ संपून त्या श्वास घेऊ लागल्या की यंत्राला वाटे, बोलणे संपले. आणि गाणे धाडकन वर येई. पुन्हा ओळ, पुन्हा खाली. आजींच्या श्वासागणिक भाता चालू झाला. बायका हसू लागल्या. आजी मुळीच थांबल्या नाहीत.

मुलाने एकदा कळ दाबून पाहिली, एकदा सोडून पाहिली. मग त्याने ती बंद केली, उजवा हात सरकत्या बटणावर ठेवला आणि गाणे स्वतःच खाली ओढून धरले. आजींचे पाच-सहा धवळे होईपर्यंत तो आजींच्या तोंडाकडे बघत तसाच बसला होता. नंतर पोरे ओरडू लागली, तेव्हा त्याने हात वर केला.