विली नेल्सन : पन्नास डॉलरला विकलेले गाणे

अमेरिकेच्या कंट्री संगीतात गाणे लिहिणारा एक, विकणारा दुसरा आणि गाणारा तिसरा, असा रिवाज अनेक दशके चालत आला. १९०९ च्या कायद्याने तबकडीवरील प्रत्येक गाण्यामागे दोन सेंट रॉयल्टी ठरवून दिली होती आणि १९७८ पर्यंत तो दर बदलला नाही. त्यातला निम्मा वाटा सहसा प्रकाशकाकडे जाई. म्हणजे गाण्याच्या लाखभर तबकड्या खपल्या, तर गीतकाराच्या हाती सुमारे हजार डॉलर पडत. तेही त्याने आपला हक्क राखून ठेवला असेल तर. गरजू गीतकार तो राखत नसे. ह्यूस्टन शहरातील अशाच एका तरुणाने पन्नासच्या दशकाच्या अखेरीस आपले 'फॅमिली बायबल' हे गाणे अवघ्या पन्नास डॉलरला विकून टाकले. १९६० मध्ये क्लॉड ग्रे या गायकाच्या आवाजात ते कंट्री गाण्यांच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. तबकडीवर गीतकार म्हणून मूळ लेखकाचे नाव नव्हते. हा तरुण म्हणजे विली नेल्सन.

कंट्री संगीतातील सर्वांत थोर गायक-गीतकारांची नावे घेताना हँक विल्यम्स यांच्यानंतर नेल्सन यांचे नाव घ्यावे लागते. पण गीतकार म्हणून मिळालेली मान्यता आणि गायक म्हणून मिळालेली मान्यता यांत त्यांच्या बाबतीत तब्बल चौदा वर्षांचे अंतर पडले.

विली ह्यू नेल्सन यांचा जन्म २९ एप्रिल १९३३ रोजी टेक्सास राज्यातील ॲबट या छोट्या गावी झाला. महामंदीचा तो काळ. मूल तान्हे असतानाच आई घर सोडून गेली, पुढे वडीलही दूर झाले. विली आणि त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठी बहीण बॉबी यांना आजी-आजोबांनी वाढविले. आजोबा लोहारकाम करीत. टपालाने मागविलेल्या अभ्यासक्रमावरून आजी-आजोबांनी संगीताचे शिक्षण घेतले होते, तेच त्यांनी नातवंडांना दिले. विली सहा वर्षांचे असताना आजोबांनी त्यांच्या हाती गिटार ठेवली आणि त्यानंतर थोड्याच काळात ते वारले. मग आजीबरोबर कापूस वेचायला जाणे आले. शेतात कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन मजुरांची गाणी कानांवर पडत, चर्चमध्ये भक्तिगीते, रेडिओवर बॉब विल्स यांचा वाद्यवृंद. चेक स्थलांतरितांच्या पोल्का वाद्यवृंदात ते लहानपणीच गिटार वाजवू लागले. कापसापेक्षा यात पैसे बरे मिळतात, हे तेव्हाच त्यांच्या ध्यानात आले.

पुढची दहा वर्षे धरसोडीची होती. १९५० मध्ये ते हवाई दलात गेले आणि पाठीच्या दुखण्यामुळे नऊ महिन्यांत परतले. बेलर विद्यापीठातले शिक्षण अर्धवट सोडले. दारोदार फिरून बायबल, ज्ञानकोश आणि व्हॅक्यूम क्लीनर विकले. अनेक रेडिओ केंद्रांवर निवेदक म्हणून काम केले. ह्यूस्टनला आले तेव्हा पदरी तीन लहान मुले होती. तेथील एस्क्वायर बॉलरूममध्ये लॅरी बटलर यांच्या वाद्यवृंदाचे कार्यक्रम होत. नेल्सन यांनी बटलर यांना आपली गाणी प्रत्येकी दहा डॉलरला देऊ केली. बटलर यांनी ती विकत घ्यायला नकार दिला. गाणी त्याहून कितीतरी मोलाची आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी नेल्सन यांना पन्नास डॉलर उसने दिले आणि वाद्यवृंदात कामही दिले. सर्वांनीच असा विचार केला नाही. 'फॅमिली बायबल'पाठोपाठ 'नाइट लाइफ' हे गाणे दीडशे डॉलरला गेले. ब्लूजच्या वळणाचे हे गाणे पुढे असंख्य गायकांनी गायले. नेल्सन यांच्या आवाजात त्याची पहिली तबकडी निघाली ती 'ह्यू नेल्सन' या नावाने.

या व्यवहारांबद्दल त्यांनी पुढे कडवटपणा दाखविला नाही. पैशाची निकड होती, आणि कोणी गाणे विकत घेते म्हणजे आपल्याला गाणी लिहिता येतात, असा अर्थ त्यांनी काढला. हा समंजसपणा कौतुकास्पद खरा, पण त्यामुळे व्यवहार न्याय्य ठरत नाही.

१९६० मध्ये ते कंट्री संगीताची राजधानी असलेल्या नॅशव्हिलला आले. टूट्सीज ऑर्किड लाउंज या गीतकारांच्या अड्ड्यावर हँक कॉक्रन या गीतकाराने त्यांची गाणी ऐकली आणि पॅम्पर म्युझिक या प्रकाशनसंस्थेत त्यांना आठवड्याला पन्नास डॉलरची नोकरी मिळवून दिली. त्यासाठी कॉक्रन यांनी स्वतःची ठरलेली पगारवाढ सोडली. एका गाण्याची जी किंमत ह्यूस्टनमध्ये मिळाली होती, तीच आता दर आठवड्याला मिळू लागली. शिवाय रॉयल्टीचा वाटा होताच.

१९६१ हे वर्ष त्यांचेच ठरले. रिकाम्या घराच्या भिंतींशी बोलणाऱ्या एकाकी माणसाचे 'हॅलो वॉल्स' हे गाणे फॅरन यंग यांनी गायले आणि ते नऊ आठवडे कंट्री यादीत अग्रस्थानी राहिले. हे गाणेही नेल्सन पाचशे डॉलरला विकायला निघाले होते. यंग यांनी ते घेतले नाही. उलट पैसे उसने दिले आणि गाण्याचे हक्क जपायला सांगितले. त्याच वर्षी बिली वॉकर यांनी 'फनी हाउ टाइम स्लिप्स अवे' गायले. आणि पॅट्सी क्लाइन यांनी 'क्रेझी'.

'क्रेझी'बद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे. हे गाणे आधी वॉकर यांच्याकडे गेले होते. ते स्त्रीनेच गायला हवे असे वाटल्याने त्यांनी ते सोडले. क्लाइन यांनाही नमुन्यादाखलचे ध्वनिमुद्रण सुरुवातीला रुचले नाही. कारण नेल्सन ठेक्याबरोबर गात नसत. शब्द कधी ठेक्याच्या मागे रेंगाळत, कधी पुढे धावत आणि ओळीच्या शेवटी अचूक जागेवर येत. आपल्याकडे ठुमरी ऐकणाऱ्या श्रोत्याला लयीशी चाललेला हा लपंडाव नवा वाटणार नाही. नॅशव्हिलला तो दोष वाटत होता. त्यात या गाण्याची स्वररचना कंट्रीपेक्षा जॅझच्या अधिक जवळची. त्या उन्हाळ्यातल्या मोटार अपघातातून क्लाइन नुकत्याच उठल्या होत्या. बरगड्या दुखत असल्याने पहिल्या दिवशी वरचे स्वर लागेनात. वाद्यांचे ध्वनिमुद्रण त्या दिवशी करून घेण्यात आले आणि आवाज नंतर भरण्यात आला. त्यांनी नेल्सन यांच्या लकबीची नक्कल टाळून ते स्वतःच्या पद्धतीने गायले. कंट्री यादीत दुसरा आणि पॉप यादीत नववा क्रमांक मिळालेले हे गाणे क्लाइन यांची ओळख बनले. १९६३ मध्ये वयाच्या तिसाव्या वर्षी विमान अपघातात त्यांचे निधन झाले.

गायक नेल्सन यांचे मात्र जमत नव्हते. १९६२ मध्ये पहिला अल्बम निघाला, पुढे आरसीएसारख्या बड्या कंपनीशी करार झाला, 'ग्रँड ओल ऑप्री' या प्रतिष्ठेच्या रेडिओ कार्यक्रमातही प्रवेश मिळाला. तेव्हा नॅशव्हिलमध्ये व्हायोलिनांचे ताफे आणि मागे गाणारे वृंद यांची चलती होती. प्रत्येक गायकावर हा साज चढविला जाई. नेल्सन यांच्या कोरड्या, किंचित नाकातल्या आवाजावर तो कधीच शोभला नाही. त्या दशकातली त्यांची ध्वनिमुद्रणे आज ऐकताना गाणे कुठेतरी मागे आहे आणि पुढे भलतीच गर्दी उभी आहे, असे वाटत राहते.

सत्तरचे दशक उजाडत असताना नॅशव्हिलजवळच्या रिजटॉप येथील त्यांच्या घराला आग लागली. जळत्या घरात शिरून त्यांनी आपली गिटार बाहेर काढली. बरोबर गांजाची पिशवीही काढली, असे ते स्वतःच सांगतात. ही मार्टिन कंपनीची, नायलॉनच्या तारांची गिटार त्यांनी १९६९ मध्ये घेतली होती. चित्रपट अभिनेते रॉय रॉजर्स यांच्या घोड्यावरून तिला 'ट्रिगर' हे नाव मिळाले. अशी गिटार बोटांनी हळुवार वाजविण्यासाठी असते, त्यामुळे लाकडाला घासण्यापासून वाचविणारी पट्टी तिच्यावर नसते. नेल्सन ती नखीने वाजवितात. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने तिच्या पोटाला मोठे भोक पडले. त्यांनी गिटार बदलली नाही.

घर गेल्यावर ते टेक्सासला परतले आणि १९७२ मध्ये ऑस्टिन शहरात स्थायिक झाले. तेथे एका जुन्या शस्त्रागाराच्या इमारतीत 'आर्माडिलो वर्ल्ड हेडक्वार्टर्स' नावाचे रॉक संगीताचे सभागृह चालत असे. लांब केसांची हिप्पी मुले आणि रुंद कडांच्या टोप्या घालणारे ग्रामीण टेक्सासवासी एरवी एकमेकांचे तोंडही पाहत नसत. नेल्सन यांच्या मैफलीला ते शेजारी शेजारी उभे राहू लागले. त्यांनी स्वतःही केस आणि दाढी वाढविली. १९७३ पासून ४ जुलैच्या संगीतमेळ्यांची परंपरा सुरू झाली. बहीण बॉबी याच काळात पियानोवादक म्हणून त्यांच्या वाद्यवृंदात आल्या.

१९७५ मध्ये कोलंबिया कंपनीशी करार करताना ध्वनिमुद्रणाबाबतचा अंतिम शब्द आपला राहील, ही अट त्यांनी घालून घेतली. त्यातून 'रेड हेडेड स्ट्रेंजर' हा अल्बम झाला. पत्नी आणि तिचा प्रियकर यांचा खून करून भटकत निघालेल्या धर्मोपदेशकाची ही कथा. काही गाणी स्वतःची, काही जुनी. टेक्सासमधील गार्लंड येथील साध्या स्टुडिओत, अत्यल्प खर्चात ती मुद्रित झाली. गिटार, पियानो, माउथऑर्गन आणि मोजकी इतर वाद्ये. कंपनीच्या अधिकाऱ्यांना हे कच्चे ध्वनिमुद्रणच वाटले. पण करारातील अट आड आली आणि अल्बम जसाच्या तसा बाजारात गेला. त्यातील 'ब्ल्यू आइज क्राइंग इन द रेन' हे गाणे कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. गायक म्हणून नेल्सन यांचे हे पहिलेच अग्रस्थान. इतरांना शिखरावर नेणारी गाणी लिहिणाऱ्या या गीतकाराला स्वतःचे शिखर गाठताना आधार मिळाला तो फ्रेड रोझ यांच्या चाळीसच्या दशकातील गाण्याचा.

त्यानंतरचे यश सर्वपरिचित आहे. १९७६ मध्ये वेलन जेनिंग्ज, जेसी कोल्टर आणि टॉमपॉल ग्लेझर यांच्यासोबतचा 'वाँटेड! द आउटलॉज' हा प्लॅटिनम ठरलेला पहिला कंट्री अल्बम. १९७८ मध्ये 'स्टारडस्ट', अमेरिकेच्या जुन्या लोकप्रिय गीतांचा संग्रह. जाणकारांचा अंदाज खोटा ठरवत तो सुमारे दहा वर्षे कंट्री यादीत टिकला. १९८० मध्ये 'ऑन द रोड अगेन', जे त्यांनी विमानात, उलटीसाठी ठेवलेल्या कागदी पिशवीवर लिहिले. १९८५ मध्ये जॉनी कॅश, जेनिंग्ज आणि क्रिस क्रिस्टॉफरसन यांच्याबरोबरचा 'हायवेमन'. नेल्सन यांनी प्रमाणाबाहेर ध्वनिमुद्रण केले, हेही खरे. शेकडो गाण्यांतली बरीच विसरण्याजोगी आहेत आणि २००५ चा रेगे अल्बम तर केवळ कुतूहलापुरता ऐकावा असा.

१९८५ च्या जुलैमध्ये आफ्रिकेतील दुष्काळग्रस्तांसाठी झालेल्या 'लाइव्ह एड' कार्यक्रमात बॉब डिलन यांनी कर्जात बुडालेल्या अमेरिकी शेतकऱ्यांचाही विचार व्हावा, असे व्यासपीठावरून सुचविले. सत्तरच्या दशकात बँकांनी सढळ हाताने दिलेली कर्जे, मग चढलेले व्याजदर आणि कोसळलेल्या जमिनीच्या किमती यांमुळे तेथे शेतांचे लिलाव सुरू होते. कापूस वेचून वाढलेल्या नेल्सन यांनी ही सूचना उचलली. नील यंग आणि जॉन मेलनकँप यांच्यासह त्यांनी २२ सप्टेंबर १९८५ रोजी इलिनॉयमधील शँपेन येथे पहिला 'फार्म एड' घडवून आणला. सुमारे ८० हजार श्रोते जमले. एकदाच करायचा म्हणून ठरलेला हा कार्यक्रम पुढे दरवर्षीचा झाला आणि त्यातून चार दशकांत ८ कोटी डॉलरहून अधिक निधी उभा राहिला. नेल्सन आणि मेलनकँप शेतकऱ्यांना घेऊन अमेरिकी संसदेच्या समितीपुढेही गेले. १९८७ च्या कृषी कर्ज कायद्यामागे या दबावाचाही हात होता. लहान शेतकऱ्यांची संख्या मात्र नंतरही घटतच गेली. गाण्याने भागण्यासारखे ते दुखणे नव्हते.

लिलावाची वेळ पुढे त्यांच्यावरच आली. कर वाचविण्यासाठी सल्लागारांनी सुचविलेल्या गुंतवणुकी सरकारने अमान्य केल्या आणि १९९० मध्ये १ कोटी ६७ लाख डॉलरच्या थकबाकीपोटी त्यांच्या मालमत्तेवर जप्ती आणली. अधिकारी पोहोचण्यापूर्वीच मुलगी लाना यांनी 'ट्रिगर' सुरक्षित हलविली होती. बाकी बऱ्याच वस्तू मित्र-चाहत्यांनी लिलावात घेऊन त्यांच्यासाठी सांभाळून ठेवल्या. दिवाळखोरी जाहीर करण्याऐवजी नेल्सन यांनी केवळ आवाज आणि गिटार यांवर जुनी गाणी पुन्हा मुद्रित केली. करखात्याचेच नाव मिरविणारा हा 'द आयआरएस टेप्स' अल्बम आधी दूरध्वनीवरून विकला गेला, मग दुकानांत आला आणि त्याच्या उत्पन्नातून सरकारचे देणे फिटू लागले. कोणताही साज न चढविलेली ही गाणी ऐकताना त्यांतल्या शब्दांची ताकद नीट कळते. १९९३ मध्ये करखात्याशी तडजोड झाली. त्याच वर्षी 'कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम'मध्ये त्यांचा समावेश झाला.

'फॅमिली बायबल' त्यांनी १९७१ च्या 'येस्टरडेज वाइन' या अल्बममध्ये स्वतः गायले, आणि १९८० मध्ये बॉबी यांच्या पियानोच्या साथीने भक्तिगीतांचा एक अख्खा अल्बम त्याच नावाने काढला. मार्च २०२२ मध्ये बॉबी यांचे निधन झाले. २०२३ च्या एप्रिलमध्ये नेल्सन यांच्या नव्वदीनिमित्त लॉस एंजलिसच्या हॉलिवूड बोल येथे दोन दिवसांचा सोहळा झाला, तर त्या वर्षअखेर 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'चा सन्मान मिळाला. २०२४ मध्ये 'लास्ट लीफ ऑन द ट्री' हा अल्बम आला. २० सप्टेंबर २०२५ रोजी मिनियापोलिस येथे 'फार्म एड'ची चाळिशी साजरी झाली, तेव्हा ९२ वर्षांचे नेल्सन भोक पडलेली तीच गिटार घेऊन मंचावर बसले होते.