आठ वजीर, ९२ उत्तरं आणि गाउसची चूक

इंटरव्ह्यूमध्ये हमखास विचारतात तो ‘एट क्वीन्स’चा प्रश्न माहितीये ना? पटावर आठ वजीर असे बसवा की कोणीच कोणाला मारू शकणार नाही. आज त्याचा इतिहास.

आमच्या चाळीच्या गॅलरीत ‘क्वीन’ कोणी म्हणत नाही, वजीरच म्हणतात. पण जुना वजीर तिरपा एकच घर चालायचा. पंधराव्या शतकाच्या शेवटी युरोपात त्याची राणी झाली आणि ती उभी, आडवी, तिरपी हवी तितकी धावू लागली. १८१४ मध्ये मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्रींचं बुद्धिबळाचं पुस्तक निघालं. मूळ संस्कृत, छापलं इंग्रजीत, तेही युरोपियन पद्धतीला जुळवून. म्हणजे नाव वजीर, चाल राणीची! हे कोडं मात्र १८४८ मध्ये जर्मनीत माक्स बेझेलने मांडलं.

१८५० मध्ये ते थोर गणिती गाउसच्या हाती लागलं. त्याने ते आकड्यांत उतरवलं. प्रत्येक उभ्या रांगेतला वजीर कितव्या ओळीत आहे, तेवढंच लिहायचं: १ ५ ८ ६ ३ ७ २ ४. हा तर आपला अ‍ॅरे! आकडे वेगळे, म्हणजे ओळी वेगळ्या. प्रत्येक आकड्यात त्याच्या रांगेचा क्रमांक मिळवा, मग वजा करून बघा. दोन्ही वेळा आठही उत्तरं वेगळी आली, तर तिरपी टक्करही नाही.

तरीही गाउस आधी ७६ मांडण्या म्हणाला. त्यातल्या ४ चुकीच्या निघाल्या, उरल्या ७२. त्याच सप्टेंबरमध्ये फ्रान्झ नाउकने ९२ जाहीर केल्या. तोच आकडा बरोबर.

हाताने शोधताना एखादी वाट राहूनच जाते. एकही वाट सुटू नये म्हणून लागते ती बॅकट्रॅकिंग. हे नाव १९५० च्या दशकात लेमर या गणितज्ञाने दिलं. एकेका रांगेत वजीर बसवत जा. अडलात की शेवटचा उचला, पुढचं घर बघा. नुसते आकडे उलटसुलट लावले तर ४०,३२० मांडण्या तपासाव्या लागतात. या रीतीने वजीर फक्त २,०५६ वेळा बसवावा लागतो.

कॉलेजात मी हे पहिल्यांदा लिहिलं, तेव्हा उत्तर आलं ० . वजीर उचलत होतो, पण ‘ही ओळ भरली’ ही अ‍ॅरेतली खूण पुसायची राहिली होती. पाच रांगांनंतर सगळंच अडलं. मागे फिरायचं तर आपल्या खुणा पुसतच फिरायचं, हे त्या दिवशी कळलं.

आज कागदावर चार बाय चारचा पट काढा आणि चार वजीर बसवा. उत्तरं दोनच आहेत. भेटू पुढच्या भागात!